चाचणीचे संदेश मेल सर्व्हरच्या रांगेत रोखून धरताना : कामाच्या नोंदी

२ जून

सदस्यांना वर्गणीची स्मरणपत्रे पाठवणारी आमची प्रणाली नव्या मेल सर्व्हरवर हलवायची आहे आणि त्यापूर्वी संपूर्ण पाठवणीची चाचणी घ्यायची आहे. नव्या यंत्रावर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर प्रोग्राम (आवृत्ती ३.७) बसवलेला आहे. चाचणीसाठी सदस्यांच्या खऱ्या पत्त्यांची प्रत वापरावी लागणार आहे, कारण तपासायचे नियम पत्त्यांवरच अवलंबून आहेत: कोणत्या उपनामाचा (इतर पत्त्यांकडे उघडणाऱ्या सामायिक पत्त्याचा) विस्तार कोणत्या पत्त्यांत होतो, कोणत्या डोमेनचे संदेश वेगळ्या मार्गाने जातात, एकाच घरातील दोन सदस्यांना एक संदेश जातो की दोन. बनावट पत्ते घेतले तर हे सारे नियम न तपासताच राहतील.

म्हणून अपेक्षा अशी ठरवली आहे की प्रणालीने संदेश तयार करावा, सर्व्हरने तो स्वीकारावा, पत्त्यांवर नियम चालावेत, डीकेआयएम स्वाक्षरी (संदेश आमच्याच डोमेनचा असल्याची डिजिटल खूण) लागावी, आणि त्यानंतर तो रांगेतच थांबावा. आम्ही तो उघडून वाचू, आणि सोडायचा की नष्ट करायचा हे माणूस ठरवेल. ज्याने वर्गणी वेळेवर भरली आहे त्याला ‘आपले सदस्यत्व संपुष्टात आले आहे’ असा चाचणीचा संदेश पोहोचला तर त्याची भरपाई दिलगिरीच्या दुसऱ्या संदेशाने होत नाही. त्यामुळे एकही संदेश बाहेर जाता कामा नये, ही अट या कामात सोयीपेक्षा वरची आहे.

एक अडचण पहिल्याच दिवशी स्पष्ट आहे. हे यंत्र अजून सदस्यांसाठी सुरू झालेले नसले तरी त्यावरून देखरेखीच्या सूचना आणि रात्रीच्या कामांचे अहवाल आमच्या स्वतःच्या पेट्यांकडे जातात. ते थांबवून चालणार नाही. म्हणजे सरसकट कुलूप लावता येणार नाही.

३ जून

रांगेला हात लावण्याआधी बाहेरचे कुंपण घातले. या यंत्रावरून बाहेर जाणाऱ्या २५ क्रमांकाच्या पोर्टवरील (मेल सर्व्हर एकमेकांशी याच पोर्टवर बोलतात) सर्व जोडण्या फायरवॉलमध्ये बंद केल्या आणि फक्त आमच्या पेट्या असलेल्या सर्व्हरचा पत्ता मोकळा ठेवला.

पुढे हे करणाऱ्यांसाठी तीन बाबी नोंदवतो. पहिली: आयपीव्ही४ या जुन्या पत्तेपद्धतीसाठी लिहिलेला नियम आयपीव्ही६ या नव्या पद्धतीला आपोआप लागू होत नाही. पोस्टफिक्समध्ये २.९ आवृत्तीपासून दोन्ही प्रकारचे पत्ते मुळातच सुरू असतात, त्यामुळे दोन्हींसाठी नियम हवा. दुसरी: सर्व्हर आपले संदेश वरच्या एखाद्या रिले (संदेश पुढे पोहोचवणाऱ्या) सर्व्हरकडे ५८७ पोर्टवर सोपवत असेल, तर २५ बंद करून काहीच साधत नाही. तिसरी: जोडणी मुकाट्याने गिळून टाकणारा नियम लिहू नये, स्पष्ट नकार देणारा लिहावा. नकार मिळाला की लॉगमध्ये क्षणात ‘जोडणी नाकारली’ अशी ओळ येते. मुकाट्याने गिळल्यास प्रत्येक पत्त्यासाठी ठरलेला वेळ, म्हणजे बदल केला नसेल तर ३० सेकंद, वाट पाहण्यात जातो आणि लॉग वाचणाऱ्याला खरे कारण कळत नाही.

४ जून

रोखण्याचा पहिला उपाय म्हणून मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाईलमध्ये डिफर_ट्रान्सपोर्ट्स या सेटिंगला एसएमटीपी (संदेश बाहेर नेणारा नेहमीचा मार्ग) ही किंमत दिली आणि रिलोड केले. या सेटिंगचा अर्थ असा की त्या मार्गाने जाणारे संदेश आपण होऊन पाठवले जाणार नाहीत, ते डिफर्ड (पुढे ढकललेल्या संदेशांच्या) रांगेत पडून राहतील. पूर्वी डायल-अपवर चालणाऱ्या यंत्रांसाठी ही सोय उपयोगी होती: दिवसभर संदेश साठवायचे आणि जोडणी मिळाली की एकदम पाठवायचे.

आरक्षित डोमेनांवरच्या पत्त्यांना काही संदेश पाठवून पाहिले. १९९९ च्या आरएफसी २६०६ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाने डॉट टेस्ट आणि डॉट इनव्हॅलिड ही नावे अशा कामांसाठीच राखून ठेवलेली आहेत, त्यामुळे चूक झाली तरी ती कोणाच्या दारात जाऊन पडत नाही. लॉगमध्ये प्रत्येक संदेशासमोर ‘डिफर्ड ट्रान्सपोर्ट’ हे कारण दिसले. वरवर पाहता काम झाले होते.

दुपारी मार्गांची यादी पुन्हा वाचली तेव्हा पहिले भोक सापडले. मास्टर.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेवांची यादी असलेल्या फाईलमध्ये एसएमटीपी आणि रिले हे दोन वेगळे मार्ग आहेत. आतून दोन्हींचे काम एकच प्रोग्राम करतो, पण ज्या डोमेनसाठी आपला सर्व्हर रिले म्हणून नेमलेला आहे त्यांचे संदेश रिले या मार्गाने जातात आणि वरील सेटिंग त्यांना स्पर्शही करत नाही. आमच्या दोन शाखांची डोमेने नेमकी तशी आहेत. ट्रान्सपोर्ट तक्त्यात (कोणत्या डोमेनचा मार्ग कोणता ते सांगणाऱ्या यादीत) लिहिलेले खास मार्गही असेच निसटतात. तिन्ही नावे सेटिंगमध्ये घातली. सदस्यांची यादी मात्र अजून जोडली नाही.

५ जून

सकाळी सदस्यांच्या यादीचा लहान भाग घेऊन पाठवणी सुरू केली. संदेश डिफर्ड रांगेत जमा होत गेले. त्यांच्यासोबत देखरेखीच्या सूचनाही जमा झाल्या, कारण त्यांचाही मार्ग एसएमटीपीच होता. देखरेख पाहणाऱ्या सहकाऱ्याला सूचना मिळेनात, म्हणून त्याने यंत्रावर येऊन पाहिले, रांग तुंबलेली दिसली, आणि तुंबलेली रांग मोकळी करण्यासाठी जी आज्ञा कोणीही देईल तीच दिली: पोस्टक्यू -एफ.

ही आज्ञा डिफर_ट्रान्सपोर्ट्सला ओलांडून जाते. यात दोष कसलाच नाही, ते सेटिंग तसेच बनवलेले आहे: कोणीतरी सांगेपर्यंत पाठवू नये, सांगितल्यावर पाठवावे. संपूर्ण रांग एकदम चालू झाली, आमच्या सूचना पोहोचल्या, आणि सदस्यांचे संदेश त्यांच्या खऱ्या मेल सर्व्हरांकडे निघाले. फायरवॉलने प्रत्येक जोडणी नाकारली. लॉग ओळीने वाचून काढला, एकही ‘सेंट’ नोंद आमच्या पेट्यांबाहेरच्या पत्त्यासमोर नव्हती. परवाच्या दिवशी घातलेले कुंपण नसते तर आजच्या नोंदीत वेगळा मजकूर असता. उरलेला संपूर्ण दिवस या पडताळणीत गेला आणि तो वाया गेला असे मी मानत नाही.

सहकाऱ्याने जे केले ते योग्यच होते. आम्ही रोखण्यासाठी निवडलेली जागा चुकीची होती. डिफर्ड रांग ही सर्व्हरने स्वतः पुन्हा प्रयत्न करण्याची जागा आहे. रांग व्यवस्थापक (रांगेतून संदेश उचलणारा प्रोग्राम) ती मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर ३०० सेकंदांनी धुंडाळतो. ती मोकळी करण्याचा अधिकारही मुळात कोणालाही दिलेला असतो: ऑथोराइज्ड_फ्लश_युझर्स या सेटिंगची न बदललेली किंमत ‘कोणीही’ अशीच आहे. याउलट होल्ड या रोखलेल्या संदेशांच्या रांगेकडे रांग व्यवस्थापक पाहतच नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, रांग मोकळी करण्याची आज्ञा दिली, काहीही केले तरी होल्डमधला संदेश हलत नाही. तो हलवण्यासाठी पोस्टसुपर ही आज्ञा लागते आणि ती फक्त रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याला चालते. आम्हाला हवा होता तो हाच फरक.

आणखी एक गोष्ट आज वाचनात आली जी कालच पाहायला हवी होती. डिफर्डमधल्या संदेशाचे वय वाढत राहते आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे पाच दिवसांनंतर तो ‘पोहोचवता आला नाही’ म्हणून पाठवणाऱ्याकडे परत जातो. इंटरनेटवरील मेलचा २००८ चा आरएफसी ५३२१ सुद्धा हार मानण्याआधी निदान चार-पाच दिवस प्रयत्न करावेत असेच सांगतो, म्हणजे ही मर्यादा योग्यच आहे. पण चाचणी आठवडाभर चालली असती तर परतलेल्या संदेशांचा एक लोंढा आम्हीच निर्माण केला असता.

डिफर_ट्रान्सपोर्ट्स काढून टाकले, रांगेतले चाचणीचे संदेश नष्ट केले.

८ जून

आता होल्ड. पाठवणी करणारी प्रणाली वेगळ्या यंत्रावर आहे आणि एसएमटीपीने या सर्व्हरशी बोलते, म्हणून त्या यंत्राचा आयपी पत्ता एका क्लायंट तक्त्यात लिहून त्यासमोर होल्ड ही कृती लिहिली, आणि तो तक्ता चेक_क्लायंट_ॲक्सेस या नियमाने प्राप्तकर्त्यांच्या निर्बंधांच्या यादीत जोडला. देखरेखीच्या सूचना याच यंत्रावर तयार होतात, त्यामुळे त्या या नियमात सापडत नाहीत आणि सुरळीत जातात.

पहिल्या प्रयत्नात काहीही रोखले गेले नाही. आरक्षित डोमेनचे संदेश थेट ॲक्टिव्ह (लगेच पाठवायच्या संदेशांच्या) रांगेत गेले. कारण नियमांच्या क्रमात होते. निर्बंधांची यादी डावीकडून उजवीकडे वाचली जाते आणि एखाद्या नियमाने ‘मान्य’ असा निकाल दिला की त्या यादीतील पुढचे नियम पाहिलेच जात नाहीत. आमच्या यादीत पर्मिट_मायनेटवर्क्स सर्वांत आधी होता आणि प्रणालीचे यंत्र आमच्याच जाळ्यातले आहे, त्यामुळे होल्डचा नियम शेवटपर्यंत वाचलाच गेला नाही. तो यादीच्या अगदी सुरुवातीला आणल्यावर लगेच लागू झाला. होल्ड ही कृती मान्यही करत नाही आणि नाकारतही नाही. ती संदेशावर खूण करते आणि पुढचे नियम नेहमीप्रमाणे चालू राहतात, म्हणून ती सुरुवातीला ठेवण्यात धोका नाही.

लॉगमध्ये ‘होल्ड कृती लागू’ अशा अर्थाची ओळ दिसते, आणि पोस्टक्यू -पी च्या यादीत रांगेतील क्रमांकापुढे उद्गारचिन्ह येते. ॲक्टिव्हमधल्या संदेशापुढे तारका असते, डिफर्डपुढे काहीच नसते. हे एक चिन्ह पाहण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी असे मी आज सहकाऱ्यांना सांगितले.

लक्षात ठेवण्यासारखे: होल्ड संपूर्ण संदेशाला लागतो, एकेका प्राप्तकर्त्याला नाही. सदस्यासोबत आमच्या स्वतःच्या पेटीला प्रत पाठवून ‘आपल्याकडे काय येते ते पाहू’ असा विचार असेल तर तो साधणार नाही, प्रतही तिथेच अडकते. वाचायचे ते रांगेतच वाचावे लागते.

९ जून

वार्षिक सूचनांची पाठवणी प्रणालीतून होत नाही, तर याच सर्व्हरवर एका वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमधून होते, आणि ती स्क्रिप्ट सेंडमेल ही आज्ञा वापरते. आज तिची आरक्षित पत्त्यांवर चाचणी घेतली तर संदेश न थांबता पुढे गेला.

याचे कारण संदेशाच्या वाटेत आहे. सेंडमेल आज्ञेने दिलेला संदेश एसएमटीपी सर्व्हरकडे जातच नाही. तो मेलड्रॉप या कप्प्यात पडतो, तिथून पिकअप हा प्रोग्राम तो उचलतो आणि क्लीनअप या संदेश रांगेत घालणाऱ्या प्रोग्रामकडे देतो. कालचा नियम एसएमटीपी सर्व्हरच्या दारावर बसलेला आहे, या मागच्या दारावर नाही. दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे क्लीनअप, आणि तिथे चालणारे नियम हेडर_चेक्स या शीर्षके तपासणाऱ्या तक्त्यात लिहितात.

सर्व संदेश रोखायचे असते तर ‘रिसीव्ह्ड’ शीर्षक असलेला प्रत्येक संदेश होल्ड करा अशी एकच ओळ पुरली असती. आम्हाला सूचना मोकळ्या हव्या होत्या. पिकअप जे रिसीव्ह्ड शीर्षक घालतो त्यात संदेश देणाऱ्या वापरकर्त्याचा क्रमांक ‘फ्रॉम युझरआयडी’ या शब्दांनंतर लिहिलेला असतो. म्हणून स्क्रिप्टच्या वापरकर्त्याचा क्रमांक असलेले रिसीव्ह्ड शीर्षक शोधणारी ओळ रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (अक्षरांचे नमुने जुळवणाऱ्या) तक्त्यात लिहिली आणि तिच्यासमोर होल्ड. क्रमांकानंतरचा बंद कंस नमुन्यात घ्यायला विसरू नये, नाहीतर १०० या क्रमांकासाठी लिहिलेला नियम १००५ लाही लागू होतो.

स्क्रिप्टचे संदेश थांबले. सूचना जात राहिल्या. हेडर_चेक्सबाबत दोन गोष्टी तपासून घेतल्या. मास्टर.सीएफ मधील एखाद्या सेवेला ‘शीर्षक आणि मजकूर तपासू नका’ असा पर्याय दिलेला असेल तर त्या दाराने आलेल्या संदेशाला हे नियम लागत नाहीत. विषाणू तपासणाऱ्या फिल्टरकडून परत येणाऱ्या संदेशांच्या पोर्टवर हा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. आमच्याकडे असा फिल्टर या यंत्रावर नाही. आणि पोस्टफिक्स स्वतः तयार करतो त्या ‘पोहोचले नाही’ प्रकारच्या संदेशांना मुळातल्या सेटिंगप्रमाणे हे नियम लागू होत नाहीत. होल्डमधल्या संदेशांवर पाठवण्याचा प्रयत्नच होत नसल्याने असे परतीचे संदेश निर्माण होण्याचे कारण सध्या नाही, पण सोडताना हे लक्षात घ्यावे लागेल.

१० जून

संपूर्ण यादीवर पाठवणी केली. बाहेर काहीही गेले नाही.

११ जून

आजपासून वाचन. पोस्टकॅट -क्यू आणि रांगेतील क्रमांक दिला की संदेश उघडतो. ई दिल्यास फक्त लिफाफा, एच दिल्यास फक्त शीर्षके, बी दिल्यास फक्त मजकूर. या कामासाठी लिफाफा सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात मूळ प्राप्तकर्ता आणि उपनामांचा विस्तार झाल्यानंतरचा प्राप्तकर्ता असे दोन्ही पत्ते नोंदलेले असतात. हा विस्तार क्लीनअपमध्ये, म्हणजे होल्डच्या आधी झालेला असतो.

दिवसभराच्या वाचनात दोन खरे दोष सापडले. एका शाखेचे सामायिक उपनाम पाच जुन्या पदाधिकाऱ्यांकडे उघडत होते, आणि परतीच्या पत्त्यात जुन्या सर्व्हरचे नाव राहिले होते. दोन्ही गोष्टी स्क्रीनवर दिसणाऱ्या मजकुरात कधीच दिसल्या नसत्या. रांगेत थांबवून लिफाफा वाचण्याचा सारा खटाटोप अशाच दोषांसाठी आहे आणि आज तो सार्थकी लागला असे मनापासून वाटते.

डीकेआयएम स्वाक्षरीही संदेशात आलेली दिसली, कारण स्वाक्षरी करणारा मिल्टर (मेल सर्व्हरला जोडलेला वेगळा प्रोग्राम) संदेश स्वीकारतानाच चालतो.

जे दिसत नाही तेही लिहितो. संदेश कोणत्या मार्गाने जाईल हे रांग व्यवस्थापक तो ॲक्टिव्हमध्ये घेतल्यावर ठरवतो, म्हणून ट्रान्सपोर्ट तक्त्याचा परिणाम होल्डमध्ये कळत नाही. पलीकडच्या सर्व्हरचा एमएक्स (त्या डोमेनचे संदेश जिथे घेतले जातात तो) पत्ता शोधला जात नाही, टीएलएस हे जोडणीचे सांकेतिकरण जुळते की नाही कळत नाही. तक्त्यातील नोंदी पोस्टमॅप -क्यू ने एकेका डोमेनसाठी वेगळ्या तपासल्या.

१२ जून

साठ्याचा प्रश्न. रांगेत प्रत्येक संदेशाची एक फाईल असते. आमच्या संदेशांना जोडपत्र असल्याने डिस्क अपेक्षेपेक्षा लवकर भरू लागली. मोकळी जागा संदेशाच्या कमाल आकाराच्या दीडपटीपेक्षा कमी झाली की पोस्टफिक्स नवे संदेश ४५२ या उत्तराने तात्पुरते नाकारतो, आणि तसे झाले असते तर सूचनाही अडकल्या असत्या. वाचून झालेला पहिला भाग नष्ट केला.

देखरेखीचा प्रोग्राम रांगेतील एकूण संदेश मोजून धोक्याची सूचना देत होता. होल्ड आणि डिफर्ड वेगळे मोजण्यासाठी तो बदलला. क्यूशेप होल्ड आणि क्यूशेप डिफर्ड या आज्ञा डोमेन आणि वय यांनुसार तक्ता देतात, पण प्रोग्रामला वाचण्यासाठी ३.१ आवृत्तीपासून आलेली पोस्टक्यू -जे अधिक सोयीची आहे. ती प्रत्येक संदेशाची नोंद जेसन स्वरूपात, रांगेच्या नावासह देते.

रात्रीच्या बॅकअपमधून स्पूलमधला (डिस्कवरील रांगांच्या साठ्यातला) होल्ड कप्पा वगळला. त्यात सदस्यांची नावे, पत्ते आणि थकबाकी आहे. चाचणी संपल्यावर रांग पुसली आणि प्रती बॅकअपमध्ये राहिल्या तर ती पुसणे अर्धवटच म्हणावे लागेल.

१५ जून

निवडक संदेश नष्ट करण्याची पद्धत बसवली. पोस्टक्यू -पी ची यादी काढून पहिला रकाना पोस्टसुपर -डी कडे पाठवला, तर एकही क्रमांक स्वीकारला गेला नाही, कारण प्रत्येक क्रमांकाला होल्डचे उद्गारचिन्ह चिकटलेले होते. ते काढून टाकले की चालते. तरीही ही वाट सोडून दिली आणि जेसन यादीतून जेक्यू या जेसन वाचणाऱ्या साधनाच्या साहाय्याने, रांग होल्ड आहे आणि पाठवणारा आमचा चाचणीचा पत्ता आहे अशा दोन्ही अटी लावून क्रमांक निवडले. शेवटी एक वजाचिन्ह दिले की पोस्टसुपर ते क्रमांक इनपुटमधून वाचतो.

त्याआधी लांब क्रमांकांचे सेटिंग सुरू केले. लहान क्रमांक पुन्हा वापरले जातात: सकाळी काढलेल्या यादीतला क्रमांक संध्याकाळी एखाद्या वेगळ्याच संदेशाचा असू शकतो आणि जुनी यादी चालवली तर तो नष्ट होतो. २.९ आवृत्तीपासून लांब क्रमांकांची सोय आहे, पण ती आपण सुरू करावी लागते. ज्यांना रांगेतून संदेश निवडून काढायचे आहेत त्यांनी ती पहिल्या दिवशीच सुरू करावी असे माझे ठाम मत आहे.

पोस्टसुपर -डी नंतर मोठ्या अक्षरांत ऑल लिहिले आणि रांगेचे नाव लिहिले नाही तर सर्व रांगा रिकाम्या होतात. आमच्या कागदावर ही आज्ञा नेहमी ‘ऑल होल्ड’ अशी पूर्ण लिहिली आहे.

१७ जून

सोडण्याची तालीम. खरे संदेश सोडण्याआधी ते कुठेतरी सुरक्षित पडावेत म्हणून पोस्टफिक्ससोबतच येणारा एसएमटीपी-सिंक हा प्रोग्राम याच यंत्रावर २५२५ पोर्टवर चालवला आणि रिलेहोस्ट (बाहेरचे संदेश ज्याकडे सोपवायचे तो सर्व्हर) त्याकडे वळवला. हा प्रोग्राम सर्व संदेश स्वीकारतो आणि पुढे कुठेही पाठवत नाही. ट्रान्सपोर्ट तक्त्यातील नोंदी रिलेहोस्टला जुमानत नाहीत, म्हणून त्या तेवढ्यापुरत्या बाजूला काढल्या. फायरवॉल तसाच आहे.

सोडण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते एकसारखे नाहीत. पोस्टसुपरला मोठा एच दिला की संदेश होल्डमधून डिफर्डमध्ये जातो, आहे तसा, आणि पुढच्या फेरीत किंवा पोस्टक्यू -आय ने लगेच निघतो. लहान एचचा अर्थ नेमका उलट, म्हणजे रोखणे, त्यामुळे आज्ञा लिहिताना दुसऱ्याने पाहिल्याशिवाय एंटर दाबायचे नाही असे ठरवले आहे. आर दिला की संदेश मेलड्रॉपमध्ये परत जातो आणि पिकअप व क्लीनअपमधून पुन्हा प्रवास करतो. त्याला नवा क्रमांक मिळतो आणि उपनामांचे नियम पुन्हा लागतात.

उपनामाचा दोष दुरुस्त केलेला असल्याने आम्हाला आर हवा होता. प्रणालीकडून आलेले संदेश व्यवस्थित सुटले आणि सिंकमध्ये पडले, नव्या नियमांप्रमाणे. स्क्रिप्टचे संदेश मात्र नव्या क्रमांकाने पुन्हा होल्डमध्ये दिसू लागले. थोडा वेळ ते सुटतच नाहीत असे वाटले. वास्तविक ते सुटत होते आणि क्लीनअपमध्ये पुन्हा पकडले जात होते: युझरआयडी असलेले रिसीव्ह्ड शीर्षक संदेशात कायम असते आणि हेडर_चेक्स पुन्हा चालतात. प्रणालीच्या संदेशांना एसएमटीपी दारावरचा नियम लागला होता आणि आरच्या वाटेत ते दार येत नाही, म्हणून ते सुटले. स्क्रिप्टचे संदेश आरने सोडायचे तर आधी हेडर_चेक्समधली ओळ काढावी, रिलोड करावे, मगच सोडावे. ते सोडत असताना स्क्रिप्ट बंद असल्याची खात्री करावी, कारण तेवढ्या वेळात तिचे दार उघडे असते.

आरच्या वाटेत मिल्टर पुन्हा चालत नाहीत. जुनी स्वाक्षरीच राहते. स्वाक्षरीला मुदत घातलेली असेल आणि ती उलटून गेली असेल तर पलीकडे ती बाद ठरेल.

१८ जून

होल्डमध्ये असताना संदेश परत जात नाही, पण त्याचे वय मोजणे थांबत नाही. आठ दिवस होल्डमध्ये राहिलेला संदेश मोठ्या एचने सोडला आणि पहिल्या प्रयत्नात पलीकडचा सर्व्हर तात्पुरते नाही म्हणाला, तर पुन्हा प्रयत्न होत नाही, तो थेट परत जातो. सिंक बंद ठेवून हे करून पाहिले आणि तसेच घडले. म्हणून जास्त दिवस थांबलेल्या संदेशांसाठी आरच वापरावा, ज्यात वय नव्याने मोजले जाते. संदेशातील तारखेचे शीर्षक मात्र दोन्ही मार्गांत जुनेच राहते.

यावरून निर्णय घेतला: चाचणीचा एकही संदेश सदस्यांना सोडायचा नाही. त्यांत जुनी तारीख आणि दुरुस्तीआधीचा मजकूर आहे. प्रत्यक्ष पाठवणीच्या दिवशी संदेश नव्याने तयार होतील.

१९ जून

होल्ड रांग रिकामी केली. डिफर्ड आणि मेलड्रॉपमध्ये काही उरलेले नाही हे पाहिले. रिलेहोस्ट पूर्ववत केला, ट्रान्सपोर्ट नोंदी परत घातल्या, एसएमटीपी-सिंक थांबवला आणि त्याने लिहिलेल्या फाईली पुसल्या. पोस्टकॉन्फ -एन या बदललेली सेटिंग दाखवणाऱ्या आज्ञेचे आजचे आणि कामाआधीचे फलित शेजारी ठेवून ओळीने जुळवले. फरक दोनच उरले: लांब क्रमांक, जे कायम ठेवायचे आहेत, आणि रांग मोकळी करण्याचा अधिकार, जो आता फक्त रूटला आहे.

क्लायंट तक्ता आणि हेडर_चेक्सची ओळ पुसली नाही, टिप्पणी करून निष्क्रिय ठेवली, शेजारी कशासाठी ते लिहिले. फायरवॉलचा नियम सर्वांत शेवटी, रांगा रिकाम्या असल्याची दुसऱ्या सहकाऱ्याने स्वतंत्र खात्री केल्यावर काढला, आणि त्यानंतरचा तासभर लॉग उघडा ठेवला. बाहेर गेलेली एकच नोंद होती, रात्रीच्या बॅकअपचा उशिरा आलेला अहवाल, आमच्याच पेटीकडे.